ज्या हॉलमध्ये पोरांना प्रवेश होता

2002 ते 2006 या काळात अमेरिकेत जे मेटलकोअर, म्हणजे मेटल आणि हार्डकोअर पंक यांच्या मिश्रणातलं संगीत, तयार झालं, त्याने माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना ऐन उमेदीच्या वयात साथ दिली. किलस्विच एंगेज, शॅडोज फॉल, अनअर्थ, ऑल दॅट रिमेन्स, कन्व्हर्ज, डार्केस्ट अवर ही नावं डोंबिवली-ठाण्याच्या पोरांना तोंडपाठ होती. त्यातल्या एकाही बँडला आम्ही प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. कुणीतरी रात्रभर जागून गाणी उतरवून घ्यायचं, मग ती सीडीवर भरून कॉलेजात हातोहात फिरायची. सीडीवर मार्करने बँडचं नाव, तेही बऱ्याचदा चुकीच्या स्पेलिंगात. आज तेच अल्बम पुन्हा लावले की अजूनही अंगावर काटा येतो. आणि वाटतं, इतकं सगळं एकाच वेळी, त्यातही इतक्या छोट्या टापूत, जमून आलं तरी कसं?

याची नेहमीची उत्तरं सगळ्या चाहत्यांना ठाऊक आहेत. स्वीडनच्या बँडांकडून गिटारचं वळण आलं. रोडरनरसारख्या रेकॉर्ड कंपन्यांनी पैसा लावला. एमटीव्ही 2 ने 2003 मध्ये ‘हेडबँगर्स बॉल’ हा मेटलचा कार्यक्रम पुन्हा सुरू केला आणि हेटब्रीड बँडचा गायक जेमी जास्टा त्याचा सूत्रधार झाला. मग बँडांना आपली गाणी टाकता येणारं मायस्पेस हे संकेतस्थळ आलं. यातलं काहीच खोटं नाही, पण टीव्ही आणि कंपन्या आल्या तोवर बँड उभे राहिलेले होते. ते उभे राहायला आधी लागले छोटे आणि स्वस्त हॉल, जिथल्या धंद्याचा दारूशी संबंध नव्हता आणि जिथे पंधरा वर्षांचं पोर तिकीट काढून आत जाऊ शकत होतं. मेटलकोअरचा तो बहर या हॉलांमुळे आला, असं माझं ठाम मत आहे. आणि आपल्या शहरांनीही आपल्या पोरांना असे हॉल द्यायला हवेत, हे माझं मागणं आहे.

ज्यांनी हे संगीत ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत पंकमधून हार्डकोअर निघालं: छोटी गाणी, प्रचंड वेग, आरडाओरडा, आणि ‘तुम्ही-आम्ही एकच’ अशी वृत्ती. मेटलवाले वेगळे, हार्डकोअरवाले वेगळे, आणि दोघांचं फारसं पटत नसे. नव्वदच्या सुरुवातीला क्लीव्हलंडचा इंटेग्रिटी, सिरॅक्यूजचा अर्थ क्रायसिस अशा बँडांनी हार्डकोअरमध्ये मेटलच्या जड रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे सुरांचे तुकडे, आणल्या. पुढे गोथेनबर्गच्या ॲट द गेट्सचा 1995 चा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ अमेरिकेतल्या पोरांच्या हाती लागला आणि त्या धारदार, सुरेल, जोडीने वाजणाऱ्या गिटारींनी त्यांना वेड लावलं. हार्डकोअरची तडफ आणि स्वीडिश मेटलचा सूर यांचं लग्न लागलं ते मुख्यतः मॅसॅच्युसेट्समध्ये.

मॅसॅच्युसेट्स म्हटलं की आपल्याला बॉस्टन, हार्वर्ड आठवतं. हे संगीत मात्र बरंचसं राज्याच्या पश्चिमेकडून आलं. वेस्टफील्ड, स्प्रिंगफील्ड, चिकोपी, होलिओक ही तिथली गावं. होलिओक एकेकाळी कागदगिरण्यांचं गाव होतं, स्प्रिंगफील्ड कारखान्यांचं. कारखाने गेले, लोकवस्ती रोडावली आणि जागांचे भाव पडले. गिरणी बंद पडल्यावर काय होतं हे मुंबईकराला सांगायला नको. फरक असा की लालबाग-परळच्या गिरण्यांच्या जमिनीला सोन्याचा भाव आला, तिथे टॉवर आणि मॉल उभे राहिले. होलिओकच्या गिरण्यांना तसं गिऱ्हाईकच नव्हतं. त्या पट्ट्यात गल्लीतल्या बँडलाही सरावासाठी जागा परवडायची आणि गावोगावी सैनिक संघटनांचे हॉल, चर्चची तळघरं, लॉज म्हणवणाऱ्या सामाजिक मंडळांची सभागृहं भाड्याने मिळायची. लग्नाची पार्टी, बिंगोचा खेळ आणि शनिवारी दुपारी पाच बँडांचा कार्यक्रम, सगळं एकाच छताखाली.

या वर्तुळात ओव्हरकास्ट आणि आफ्टरशॉक असे दोन बँड होते. बाहेरच्या जगाला त्यांची खबर नव्हती. ओव्हरकास्टचा बेस वाजवणारा माइक डी’अँटोनियो आणि आफ्टरशॉकचे ॲडम डुटकेविच व जोएल स्ट्रोएट्झेल एकत्र आले, जेसी लीच गायला आला आणि 1999 मध्ये वेस्टफील्डला किलस्विच एंगेज सुरू झाला. ओव्हरकास्टचा गायक ब्रायन फेअर शॅडोज फॉलमध्ये गेला. त्याच्या आधी तिथे गाणारा फिल लाबाँट ऑल दॅट रिमेन्सचा गायक झाला. म्हणजे ज्यांना आपण तीन मोठे बँड म्हणून ओळखतो, ती खरं तर एकमेकांचे कार्यक्रम बघत वाढलेली, एकमेकांचे ॲम्प्लिफायर उचलून दिलेली एकाच परिसरातली पोरं. अशी ओळख दुकानात होत नाही आणि शाळेतही क्वचितच होते. आठवड्यामागून आठवडे त्याच हॉलच्या त्याच कोपऱ्यात उभं राहिलं तर होते.

‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ मे 2002 मध्ये आला. माझ्या लेखी हा या संगीतातला सर्वोत्तम अल्बम. कन्व्हर्जच्या 2001 च्या ‘जेन डो’ला मानणारे माझ्याशी भांडतील, त्यांनी खुशाल भांडावं. तो वेस्टफील्डच्याच झिंग स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला. ॲडमनेच त्याची निर्मिती केली, ड्रम वाजवले आणि गिटारही वाजवली. त्या अल्बमात जेसी लीच एकाच गळ्यातून आधी ओरडतो आणि मग गातो, आणि दोन्हीत तोच माणूस ऐकू येतो. कडव्याचं ओरडणं संपून ध्रुपदाला जेव्हा त्याचा स्वच्छ आवाज वर चढतो, तेव्हा मनातला राग ओसरत नाही, त्याला फक्त दिशा मिळते. शब्दही तसेच: उठ, स्वतःकडे बघ, हार मानू नकोस. त्या वयात घरी, शाळेत, क्लासमध्ये कुणी आमच्याशी अशा तळमळीने बोलत नव्हतं.

अल्बम आला त्याच वर्षी लीच बँड सोडून गेला. गळाही थकला होता, मनही. त्याच्या जागी हॉवर्ड जोन्स आला, आणि 2004 च्या ‘द एंड ऑफ हार्टेक’मध्ये त्याच्या भरदार आवाजाने हे संगीत कुठल्या कुठे पोहोचवलं. त्या अल्बमाच्या शीर्षकगीताला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. त्याच उन्हाळ्यात ऑझफेस्ट या फिरत्या मेटल महोत्सवाच्या दुसऱ्या मंचावर अनअर्थ, हेटब्रीड, एव्हरी टाइम आय डाय, डार्केस्ट अवर, ब्लीडिंग थ्रू, अट्रेयू हे बँड रोज भर उन्हात वाजवत होते. स्वच्छ आवाजातली ध्रुपदं म्हणजे रेडिओसाठी केलेली तडजोड, असा आरोप तेव्हाही झाला आणि अजून होतो. मला तो कधीच पटला नाही.

पटत नाही, कारण ती ध्रुपदं कुणासाठी होती हे चित्रफितींत डोळ्यांना दिसतं. हार्डकोअरच्या हॉलमध्ये मंच जेमतेम गुडघाभर उंचीचा, काही ठिकाणी तोही नाही, आणि बँड नि प्रेक्षक यांच्यामध्ये कठडा नाही. गायक माइक पुढे धरतो आणि पहिल्या रांगेतली दहा-बारा पोरं एकमेकांच्या खांद्यांवर चढून ती ओळ त्या माइकमध्ये ओरडतात. ही प्रथा मेटलकोअरच्या फार आधीपासूनची. ज्या ओळी गर्दीने म्हणायच्या त्या सोप्या, मोठ्या आणि गळ्याला पेलणाऱ्या हव्यात, हे गाणारा कार्यक्रमागणिक शिकत जातो. किलस्विच एंगेजची ध्रुपदं या शिकवणीतून आली असं मला वाटतं. रेडिओला ती आवडली, ते नंतरचं.

ब्रेकडाउनचंही तेच. गाणं भरधाव चाललेलं असतं आणि अचानक ताल निम्म्यावर येतो. गिटारींची सगळ्यात खालची तार तळहाताने दाबून वाजवली जाते आणि तिचा प्रत्येक ठोका ड्रमच्या पायाच्या ठोक्यावर अचूक बसतो. वर चायना झांज एकसारखी झणझणत राहते. सूर जवळजवळ थांबलेलाच असतो, राहतं ते फक्त वजन. आपल्याकडे ढोल-ताशा पथकात ताशे थांबतात आणि पन्नास ढोलांचा एकच टोल पडतो, तेव्हा छातीत जे होतं ते ज्याने अनुभवलंय त्याला ब्रेकडाउन समजावून सांगावा लागणार नाही. हेडफोनवर ऐकणाऱ्याला तो कंटाळवाणा वाटू शकतो, त्यात चाल नाही, गुंतागुंत नाही. कारण तो कानांसाठी रचलेलाच नाही. तो रचलाय समोरच्या मोकळ्या जमिनीसाठी, जिथे गर्दी दुभंगते, मध्ये रिंगण होतं आणि पोरं नाचू लागतात. रिंगणाला किती वेळ लागतो, कुठल्या ठोक्यावर ते उसळतं, हे ज्याने तिथे उभं राहून पाहिलंय तोच चांगला ब्रेकडाउन लिहितो. अनअर्थच्या ‘द ऑनकमिंग स्टॉर्म’मधले ब्रेकडाउन ऐका. पुढचा ठोका कधी पडणार हे कळत असूनही माणूस श्वास रोखून धरतो.

आता पोरांच्या प्रवेशाबद्दल. अमेरिकेत 1984 च्या कायद्याने दारू पिण्याचं वय देशभर 21 झालं. त्याही आधीपासून क्लबवाले अल्पवयीनांना दारातूनच परत पाठवायचे, कारण त्यांची कमाई गल्ल्यावरच्या दारूतून व्हायची. 1980 मध्ये वॉशिंग्टनचा टीन आयडल्स हा शाळकरी पोरांचा बँड कॅलिफोर्नियाला गेला होता. सान फ्रान्सिस्कोच्या मबुहाय गार्डन्समध्ये त्यांच्या हातांवर काळ्या शाईने फुल्या मारल्या आणि आत सोडलं: फुली असलेल्याला दारू द्यायची नाही. परत आल्यावर पोरांनी आपल्या गावच्या क्लबलाही हेच सुचवलं. पुढे तीच फुली दारू आणि नशा नाकारणाऱ्या ‘स्ट्रेट एज’ पोरांची खूण झाली, अर्थ क्रायसिसने तर ती चळवळच केली. हे फार सुंदर आहे. दारात अडवलेल्या पोरांनी आपल्याला अडवणाऱ्या खुणेचीच पताका केली, आणि त्या पताकेखाली पुढच्या वीस वर्षांचं संगीत उभं राहिलं. वुस्टरच्या पॅलेडियम थिएटरात 1999 पासून ‘न्यू इंग्लंड मेटल अँड हार्डकोअर फेस्टिव्हल’ भरू लागला, तोही सगळ्या वयांना खुला. किती बँड त्याच्या प्रेक्षकांतून मंचावर गेले असतील!

उलटं उदाहरणही अमेरिकेतलंच आहे. सिॲटलने 1985 मध्ये तरुणांच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमांवर वटहुकूम काढला. दहा लाख डॉलरचा विमा हवा, पहाऱ्याला पोलीस हवेत, अशा त्याच्या अटी. कुठला सोळा वर्षांचा आयोजक एवढं जमवणार? पोरांसाठीचे कार्यक्रम आटले, तेही जगभर ज्याच्या गिटारी गाजल्या त्या शहरात. अनेक वर्षांच्या आंदोलनानंतर 2002 मध्ये तो वटहुकूम रद्द झाला. त्याच सुमारास नगरपालिकेच्या मदतीने व्हेरा प्रोजेक्ट हे सर्व वयांसाठीचं, दारूविरहित केंद्र उभं राहिलं. तिथे पोरंच तिकिटं फाडतात, आवाजाचं यंत्र सांभाळतात, पोस्टर छापायला शिकतात. शहराने आधी दार बंद केलं आणि मग शहरानेच ते उघडलं. मला आपल्या महापालिकांकडून हेच हवंय.

मॅसॅच्युसेट्सबाहेरही हीच गोष्ट. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टरजवळ 2003 मध्ये शाळकरी पोरांनी ऑगस्ट बर्न्स रेड सुरू केला तो ड्रमवाल्या मॅट ग्राइनरच्या घरच्या शेतावरल्या अंड्यांच्या जुन्या कोठारात. ऑस्ट्रेलियाच्या बायरन बेचा पार्कवे ड्राइव्ह ज्या रस्त्यावरच्या घरात सराव करायचा त्या रस्त्याचंच नाव त्यांनी घेतलं. गावातल्या युवा केंद्रात अशा बँडांचे कार्यक्रम व्हायचे. लाटांवर खेळायला जगभरचे लोक जिथे येतात त्या गावातून एवढा कडक बँड निघाला, यामागे त्या युवा केंद्राचा वाटा आहेच. त्यांचे पहिले दोन्ही अल्बम कुणी घडवले? वेस्टफील्डच्या ॲडम डुटकेविचने. ट्रिव्हियम बँडचा ‘असेंडन्सी’ आला तेव्हा त्यांचा गायक मॅट हीफी एकोणीस वर्षांचा होता. अमेरिकेत त्याला कायद्याने बिअर विकत घेता येत नव्हती, आणि तो जगभर वाजवत फिरत होता.

मुंबईकडे येतो. आपल्याकडे पोरांची हौस कमी होती असं कुणी म्हणू नये. भयानक मौत हा मेटल बँड 2003 मध्ये मुंबईतच सुरू झाला. स्क्राइब या बँडने 2010 मध्ये ‘मार्क ऑफ तेजा’ हा अल्बम काढला, आणि त्यांच्या कार्यक्रमांतली गर्दी ज्यांनी अनुभवली ते अजून त्याबद्दल भरभरून बोलतात. त्याआधीच्या पिढीकडे धोबी तलावचं रंगभवन होतं. झेवियर कॉलेजशेजारचं ते खुलं रंगमंदिर, जिथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरायचा आणि कॉलेजची पोरं थोडक्या पैशांत दिवसभर बँड ऐकायची. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा भाग शांतता क्षेत्र ठरवला. रंगभवन त्यात सापडलं आणि तिथला आवाज थांबला. रुग्णालयातल्या माणसाला शांतता हवीच, त्यावर माझा वाद नाही. माझी तक्रार अशी की एक जागा काढून घेताना तिच्या बदल्यात दुसरी द्यायची असते, हे कुणाच्या मनातही आलं नाही.

मग कार्यक्रम गेले बारमध्ये. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 लागतं, कडक दारूसाठी 25. अंधेरीच्या बाजूला एका बारमध्ये मेटलचा कार्यक्रम होता, तेव्हाचं मला चांगलं आठवतं. माझा मावसभाऊ अकरावीत होता. घरी गिटार घेऊन दिवस-रात्र बसायचा, त्या बँडची गाणी त्याने कानाने ऐकून बसवली होती. दारावरच्या माणसाने ओळखपत्र बघितलं आणि मान हलवली. “दादा, मला दारू नकोय, मागे उभा राहून फक्त ऐकतो,” तो म्हणाला. माणूस वाईट नव्हता. “माझी नोकरी जाईल रे,” एवढंच बोलला. आम्ही दोघंही परत फिरलो. बाहेरच्या फुटपाथवर त्याच्या वयाची आणखी पाच-सहा पोरं भिंतीला टेकून उभी होती, भिंतीतून येणारा बेस ऐकत. त्यातल्या एकाने बोटांनी भिंतीवर ताल धरला होता, आणि तो अगदी बरोबर होता. त्या पोरांपैकी कुणी पुढे बँड काढला की नाही मला माहीत नाही. वेस्टफील्डमध्ये मात्र ती पहिल्या रांगेत असती.

बारच्या हिशेबात हे संगीत बसतही नाही. मेटल ऐकायला येणारं पोर एक लिंबूपाणी घेऊन तीन तास नाचतं. मालकाला ते परवडत नाही, तो किमान गल्ल्याची अट घालतो, तिकीट महागतं, बँडला चार पैसे मिळतात आणि पुढच्या महिन्यात तिथे डीजे येतो. दोष मालकाचा नाही. ज्या जागेचं भाडं दारूतूनच निघणार, तिथे नवशिक्या बँडला वाईट वाजवायची मुभा मिळणार नाही. आणि वाईट वाजवल्याशिवाय कुणी चांगलं वाजवायला शिकत नाही.

यावर नेहमीचं म्हणणं असं की आता हॉल कशाला, घरबसल्या लॅपटॉपवर अख्खा अल्बम होतो आणि जगभर पोहोचतो. होतो खरा, आणि त्यातलं काही उत्तमही असतं. पण त्या संगणकी मेटलकोअरचे ब्रेकडाउन बघा. एकाहून एक जड, एकाहून एक अचूक, आणि बरेचसे सारखेच. समोर माणसं नसली की लिहिणारा आधीच्या रेकॉर्डिंगला उत्तर देत राहतो, त्याला जमिनीकडून उत्तर मिळत नाही. आणि इंटरनेटच्या ज्या जाळ्यावर आपण विसंबतो त्याचं काय झालं तेही आठवावं. मायस्पेसने 2019 मध्ये कबूल केलं की 2003 ते 2015 या बारा वर्षांतली बहुतेक गाणी सर्व्हर बदलताना नष्ट झाली. त्यात या काळातल्या असंख्य छोट्या बँडांची एकमेव रेकॉर्डिंगं होती. मोठे बँड वाचले, त्यांच्या सीडी होत्या. बाकीच्यांचं जे उरलं ते हॉलमध्ये हजर असलेल्या माणसांच्या आठवणीत आणि त्यांनी जपलेल्या टी-शर्टांवर.

दुसरा आक्षेप, अशा छोट्या जागा धोक्याच्या असतात हा, जास्त गंभीर आहे, त्याला बगल देता येत नाही. फेब्रुवारी 2003 मध्ये, याच बहराच्या काळात, मॅसॅच्युसेट्सला लागून असलेल्या ऱ्होड आयलंडमध्ये ‘द स्टेशन’ या क्लबला आग लागली. मंचावरच्या शोभेच्या दारूमुळे भिंतीवरच्या फोमने पेट घेतला आणि 100 माणसं गेली. 2016 मध्ये ओकलंडच्या ‘घोस्ट शिप’ गोदामात 36 जण गेले, ती जागा तर मुळात कार्यक्रमांसाठी नव्हतीच. मुंबईत डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या गच्चीवरच्या आगीत 14 जणांचा जीव गेला. छोट्या जागांची बाजू घेणाऱ्याने ही तिन्ही नावं आधी घ्यावीत. मॅसॅच्युसेट्सने 2004 मध्ये कायदा करून शंभर किंवा अधिक माणसांच्या क्लबांना आग विझवणारे फवारे सक्तीचे केले, ते योग्यच होतं. ओकलंडचं गोदाम पाहिलं की एक गोष्ट मला दिसते. परवडणारी कायदेशीर जागा मिळत नाही तेव्हा पोरं बेकायदा जागेत जातात, आणि तिथे दुसरं दार नसतं. पोरांना सुरक्षित ठेवायचं असेल तर जागा देऊन तपासा. नाकारून तपासता येत नाही.

त्या वर्तुळात सगळं छान होतं असंही मी म्हणणार नाही. न्यू इंग्लंडच्या काही कार्यक्रमांत टोळ्यांची मारामारी व्हायची आणि त्यात साधी पोरं मार खायची. मंचावर बायका फार कमी दिसायच्या. वॉल्स ऑफ जेरिकोची कँडेस, ब्लीडिंग थ्रूची कीबोर्ड वाजवणारी मार्टा, अशी बोटांवर मोजण्याइतकी नावं. ॲज आय ले डाइंगचा गायक टिम लँबेसिस पत्नीच्या खुनाची सुपारी दिल्याच्या गुन्ह्यात 2014 मध्ये तुरुंगात गेला, आणि त्याची गाणी मला पूर्वीसारखी ऐकता येत नाहीत. पण यातलं जे हॉलशी संबंधित आहे त्याला उपाय आहे, आणि तो लोकांनी करून दाखवलाय. बर्कलीचं 924 गिलमन 1986 च्या शेवटच्या दिवशी सुरू झालं ते आजतागायत चालू आहे. सभासदत्व घ्यायचं, दारू नाही, मारामारी नाही, वंशद्वेष नाही, बायकांचा अपमान नाही. नियम भिंतीवर लिहिलेले, आणि ते पाळून घेणारी माणसं तिथलीच, स्वयंसेवक.

मराठी माणसाला तर हे पटवून द्यायला परदेशात जायचंही कारण नाही. दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलने आपल्या प्रायोगिक रंगभूमीला काय दिलं हे आपण अभिमानाने सांगतो. अरविंद आणि सुलभा देशपांडे यांच्या ‘आविष्कार’ने सत्तरच्या दशकात तिथे नाटकं सुरू केली. शाळेचा हॉल, परवडणारं भाडं, प्रेक्षक हाताच्या अंतरावर. व्यावसायिक थिएटरात ज्यांना कुणी उभं केलं नसतं ती नाटकं तिथे झाली आणि ती माणसं घडली. पुढे ‘आविष्कार’ला माहीमच्या महापालिका शाळेत जागा मिळाली. महापालिकेची शाळा आणि नव्या कलेचा सराव, ही जोडी आपण आधीच जमवून दाखवलेली आहे. पुण्यात ढोल पथकं नदीपात्रात महिनोन्महिने सराव करतात, आणि आवाजाच्या तक्रारी होऊनही शहर त्यांच्यासाठी वाट काढतं. पोरांच्या आवाजाला जागा द्यायची इच्छा आपल्याकडे आहे, फक्त कुठला आवाज आपला हे आपण ठरवून बसलोय. गिटार घेतलेला अकरावीतला पोरगा आपलाच आहे. तो ज्या भाषेत ओरडतो ती त्याने इंग्रजीतून घेतली असेल, घसा आपला आहे.

म्हणून मागणं सरळ आहे. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, नागपूर या महापालिकांनी आपल्या शाळांमधले जे हॉल रविवारी बंद असतात, त्यातले काही दुपारी दोन ते रात्री नऊ या वेळात सर्व वयांच्या संगीत कार्यक्रमांसाठी नाममात्र भाड्याने द्यावेत. दहाची मर्यादा मोडायचं कारणच नाही. हार्डकोअरचे कार्यक्रम न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबातही रविवारी दुपारीच व्हायचे. निवडलेल्या हॉलांच्या भिंती-दारांना आवाज अडवणारं अस्तर लावावं, न पेटणारं. दोन बाहेर जायची दारं, अग्निशमन दलाची दरवर्षी तपासणी, क्षमतेहून एक तिकीट जास्त नाही. परवानगीसाठी पोलीस ठाणं, वॉर्ड ऑफिस, अग्निशमन असं पोरांना फिरवू नये, एकाच खिडकीवर अर्ज घ्यावा, आणि अर्जावर अठरा वर्षांवरच्या एका जबाबदार माणसाची सही पुरावी. इंग्लंडमध्ये 2018 पासून नियोजनाच्या धोरणातच आहे की चालू असलेल्या संगीताच्या जागेशेजारी नवी इमारत आली तर आवाज रोखायची जबाबदारी बांधणाऱ्यावर. आपल्या विकास नियंत्रण नियमावलीत तेवढं एक कलम घालावं, म्हणजे शेजारी टॉवर उभा राहिला म्हणून पुढचं रंगभवन बंद पडणार नाही. आणि आमच्यासारखे जे तेव्हा सीडी फिरवायचे ते आता चाळिशीला टेकलेत, कमावते आहेत. अर्जावरची ती सही करायला, दारावर तिकिटं फाडायला आणि कार्यक्रम संपल्यावर हॉल झाडून किल्ली परत द्यायला आम्ही येऊ.